जिनिंगमधल्या क्रॅश फाइलची साक्ष

मित्रांनो, जुनी वस्तू म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर कंदील येतो, छत्री येते, नाहीतर माळ्यावरचा खडखडणारा पंखा येतो. माझ्याजवळ असं दाखवण्यासारखं काही नाही. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, मला कोणी हातात धरलेलं नाही. मी एक जुनी क्रॅश फाइल आहे. तीन हंगाम पाहिलेत मी. तुम्हाला ते थोडे वाटतील, पण आमच्या जातीत एखादी तीन दिवस टिकली तरी नशीब थोर म्हणायचं.

माझा जन्मही जगावेगळा. चालता चालता एखादा प्रोग्रॅम कोसळतो, तेव्हा त्याच्या शेवटच्या क्षणी संगणकाच्या पोटात जे जे असेल ते सगळं घाईघाईने एका फाइलीत ओतलं जातं. तीच मी. पंचनामाच म्हणा ना! मेलेला पुन्हा उठत नाही, पण तो कशाने मेला हे पंचनाम्यातून कळू शकतं. अट एवढीच, की वाचणाऱ्याला तो नीट वाचता आला पाहिजे.

मी जन्मले सेलूजवळ, नत्थूजींच्या जिनिंगमध्ये. तिथे रेचे नावाची यंत्रं कापसातली सरकी वेगळी काढतात आणि पांढरीशुभ्र रुई पट्ट्यावरून पुढे सरकते. त्या पट्ट्यावर एक कॅमेऱ्याची मशीन बसवलेली आहे. रुईत पोत्याचा दोरा, तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी असं काही आलं, की ती ते हेरते आणि हवेची जोरदार फुंकर मारून उडवून लावते. ही मशीन चालवायच्या छायाबाई. आधी अनेक वर्षं त्या कापसाच्या गंजीवर बसून हाच कचरा हाताने वेचत होत्या. मशीन आली तेव्हा त्यांनी ती हट्टाने शिकून घेतली. पडद्यासमोरची ती खुर्ची त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, आणि त्या खुर्चीवर बसताना पदर सावरायची त्यांची एक ऐट होती. मला ती फार आवडायची.

त्या वर्षी हंगामाचा मुहूर्त झाला. आमच्याकडे कापसाची पहिली गाडी आली की काटापूजन होतं, तसं ते झालं. नत्थूजींनी वजनकाट्याला हळदकुंकू वाहिलं, मग रेच्यांना, मग हौसेने कॅमेऱ्याच्या मशीनचं झाकण उघडून तिलाही. नारळ फुटला, शिरणी वाटली गेली. छायाबाईंनी खुर्चीवर बसून बटण दाबलं. मशीन गुरगुरली, पडदा उजळला आणि लगेच काळा पडला. प्रोग्रॅम कोसळला होता. त्याच क्षणी मी जन्मले.

मुहूर्तालाच मशीन बंद! नत्थूजींचं तोंड उतरलं. छायाबाई पुन्हा बटणाकडे हात नेत होत्या, तर ते ओरडले.

"हात नको लावू आता! काय केलं तू?"

"काही नाई केलं, काकाजी. चालू केली आन् आपोआप बंद पडली."

"आपोआप कशी पडंल? मांगच्या हंगामात तं चांगली चालून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त करणारा पियुष वर्ध्याहून आला. पोरगा हुशार, पण अंगात घाई फार. त्याने मला पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. (आम्हा फाइलींची ही एक गंमत आहे बघा, आम्ही एका वेळी दोन गावांत राहू शकतो.) मग लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने मला डीबगरमध्ये उघडलं. डीबगर म्हणजे आमचा पंचनामा वाचणारा प्रोग्रॅम.

इथे थोडं थांबून तुम्हाला माझ्या पोटातली गोष्ट सांगते. प्रोसेसर हिशेब करतो तेव्हा हातातले आकडे अगदी जवळच्या खणांमध्ये ठेवतो. त्या खणांना रजिस्टर म्हणतात. काही खण अरुंद, काही ऐसपैस रुंद. चित्रांचे हिशेब बहुधा रुंद खणांत चालतात. प्रोग्रॅम कोसळला की हे सगळे खण माझ्यात एकापुढे एक रिकामे केले जातात. प्रोसेसर कोणत्या घराण्यातला, हे माझ्या कपाळावरच लिहिलेलं असतं. कोणकोणते रुंद खण वापरात होते, याचीही खूण माझ्यात असते. पण कोणता खण नेमका कुठून सुरू होतो, ते मात्र माझ्यात लिहिलेलं नव्हतं. जन्मतःच राहिलेली खोट ती.

आता एकाच घराण्यातले प्रोसेसर दोन वेगळे कारखाने बनवतात. एक कारखाना जुन्या, आता कोणी न वापरणाऱ्या खणांची जागा मध्ये तशीच रिकामी सोडतो. दुसरा म्हणतो, कशाला उगाच जागा अडवायची? आणि पुढचे खण अलीकडे सरकवतो. तुमच्या आईच्या आणि मावशीच्या मसाल्याच्या डब्यासारखंच हे. दोघींकडे हळद, तिखट, जिरं तेच; पण मावशीच्या घरी डब्यात न बघता हात घातला तर हळदीच्या जागी तिखट पडायचं!

पियुषचं नेमकं हेच झालं. त्याचा डीबगर जुना होता. तो ज्या लॅपटॉपवर चालत होता त्याचीच मांडणी त्याने धरली आणि माझे रुंद खण वाचायला घेतले. तो लॅपटॉप एका कारखान्याचा आणि माझी मशीन दुसऱ्या कारखान्याची. खण चुकले, आकडे चुकले. एकाचा अर्धा, दुसऱ्याचा पाव, असला काला पडद्यावर दिसू लागला.

"पूर्ण कचरा भरला आहे मेमरीत," पियुष म्हणाला. "असं चालू मशीनची वीज एकदम तोडली का होते, काकाजी. लाईट गेलती का?"

"लाईट कायची जाते? रेचे तं चालू होते."

"मंग कोणं तरी प्लग ओढला असंन. आता चालू नका करू, चिप जळून जाईन."

नत्थूजींनी छायाबाईंकडे पाहिलं. मशीनसमोर खुर्चीवर त्या एकट्याच होत्या.

"मी प्लगले हात बी नाई लावला," छायाबाई म्हणाल्या. "मले विचारा ना, काकाजी. मी खोटं काऊन बोलू?"

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! मी तिथेच होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. अरे, वीज तुटली असती तर मला लिहिलं कोणी असतं? मी आहे, याच एका गोष्टीवरून छायाबाई खरं बोलतात हे सिद्ध होत होतं. पण आमच्या जातीला तोंड नाही. कोणी विचारलं तरच, आणि नीट विचारलं तरच आम्ही बोलतो. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं.

छायाबाईंना पुन्हा गंजीवर वेचायला बसवलं. मशीन चालवायला सोमवारी आर्वीहून दुसरा माणूस येईल असं ठरलं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली. छायाबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या कचरा वेचत राहिल्या. गंजीवरच्या बाया एरवी पोटभर बोलतात. त्या दिवसांत त्या छायाबाईंपाशी आल्या की गप्प होत, आणि ते गप्प होणंच त्यांना जास्त लागत असावं.

माझी दुसरी प्रत तोवर वर्ध्याला पोचली होती. पियुषला नवीन चिप मागवायची होती आणि त्यासाठी त्याच्या वरिष्ठ पौर्णिमाताईंची परवानगी लागायची. ताई शांत बाई. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"प्लग ओढला म्हणतोस?"

"हो ताई, आत पूर्ण कचरा आहे."

"मंग हे फाइल कोणं लिहिली रे? वीज गेल्यावर भुतानं?"

मला तर वाटलं, ताईंच्या पाया पडावं. पण पाय असायला हवेत ना आधी!

"तू कोणाच्या मांडणीनं वाचली?" ताईंनी विचारलं.

"डीबगरनं आपोआपच धरली."

"त्यानं तुह्या घरची मांडणी धरली. हे फाइल दुसऱ्या घरची आहे बाबू. पहिले तिले विचार, तू कोणाची?"

ताईंनी नवा डीबगर काढला. त्याची पद्धतच वेगळी होती. ज्या लॅपटॉपवर तो चालत होता त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आधी माझं कपाळ वाचलं. मग कोणते रुंद खण वापरात आहेत ती खूण पाहिली. मग त्या सगळ्या खणांचा गठ्ठा किती लांब आहे ते मोजलं. एवढे खण आणि एवढी लांबी, हा मेळ कोणत्या कारखान्याच्या मांडणीत बसतो? पहिल्याच्या मांडणीत गठ्ठा लांब व्हायला हवा होता. तो बसला दुसऱ्याच्या मांडणीत, बोटभरही इकडेतिकडे न होता. खणांना आपापल्या जागा मिळाल्या आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा मी सरळ वाचली गेले. खरं सांगते, फार बरं वाटलं.

माझ्या एका रुंद खणात एकच उत्तर पुन्हा पुन्हा होतं: अनंत. पौर्णिमाताई पुढे वाकल्या.

"अनंत कवा येते, पियुष?"

"शून्यानं भागलं का."

मशीन सुरू होताना कॅमेरा आधी समोरच्या पांढऱ्या पाटीकडे बघतो आणि पांढरं म्हणजे काय ते ठरवतो. त्या पांढऱ्याने पुढचं सगळं भागायचं असतं. त्या दिवशी कॅमेऱ्याला पांढरं दिसलं ते शून्य. शून्याने भागलं, अनंत आला, तो अनंत हातात घेऊन बिचारा प्रोग्रॅम नसलेल्या जागी पाय टाकायला गेला आणि कोसळला.

दोघं तडक सेलूला आले. नत्थूजींच्या देखत ताईंनी मशीनचं झाकण उघडलं. आत कॅमेऱ्याच्या काचेवर, बरोबर मधोमध, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा वाळून बसला होता.

मशीनला कपाळ कुठलं, हे नत्थूजींना तरी कसं कळावं? जिथे चकाकतं ते कपाळ, असं समजून त्यांनी भक्तीने टिळा लावला होता तो तिच्या डोळ्यात. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग धोतराच्या सोग्याने काच पुसू लागले, तर ताईंनी अदबीने त्यांचा हात थांबवला आणि मऊ फडकं दिलं.

काच साफ झाली. मशीन गुरगुरली आणि चालू राहिली. पियुष म्हणाला, "काकाजी, चूक माही बी आहे. मी नीट वाचलं नाई आन् आळ छायाबाईवर घातला."

नत्थूजी गंजीकडे गेले. मानी माणूस, कामावरच्या माणसांसमोर नमतं घ्यायची सवय नाही. सगळ्या बायांचे हात थांबले.

"छायाबाई," ते म्हणाले, "कुकू मीच लावलं होतं काचीले. तू खरं बोलून राह्यली होती. मीच नाई आयकलं."

छायाबाई उठल्या. अंगावरची रुई झटकली. "मी सांगतलं होतं, काकाजी," एवढंच म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड केलेली ती खुर्ची त्यांनी फिरवली आणि पदर सावरून पडद्यासमोर बसल्या.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आमच्यासारख्या फाइली जागा अडवतात म्हणून लगेच पुसू नका. आम्हाला एकदा तरी वाचा. आणि वाचाल तेव्हा आम्ही कोणाच्या घरच्या, ते आधी विचारा. फाइलीचंच कशाला, माणसाचं दुःखसुद्धा आपल्या घरच्या मांडणीने वाचायला गेलं की त्यात कचराच दिसतो.

परवा मशीनची डिस्क भरली. पियुषचा फोन आला, की जुन्या क्रॅश फाइली पुसून टाका. छायाबाईंनी पडद्यावर माझं नाव शोधलं. त्यांनी बाकीचा सगळा पसारा पुसला आणि माझ्यापाशी येऊन त्यांचं बोट थांबलं.

"पियुषभाऊ, एक ठेवतो मी," त्या फोनवर म्हणाल्या. "सारे गप्प होते तवा थे एकटीच माह्या बाजूनं बोल्ली."