संघातली पाचवी

ज्या वर्षी माझ्या नातवाला पुढचे दोन दात आले आणि माझे पुढचे दोन गेले, त्याच वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. कौतुक नातवाचं झालं.

आमच्या घरामागच्या टेकाडावरचं हे कॉलेज काही फार मोठं नाही. तिथे कुणालाही, कुठल्याही वयात शिकता येतं, म्हणून तर मला घेतलं. मी जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री केली. कपड्यावरच्या चिठ्ठीतलं नाव दुसरं कुणीतरी वाचून सांगायचं. लॉन्ड्री बंद पडली, तेव्हा घरी बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा अक्षरं शिकावीत असं मनात आलं. सुनेने त्याच संध्याकाळी मला दप्तर आणून दिलं. इतक्या तत्परतेने तिने मला कधी चहासुद्धा दिला नव्हता.

माझा वर्ग म्हणजे जिन्याखालचा मदत कक्ष. ज्याची गाडी जिथे अडली असेल त्याने तिथे यायचं. कुणाचं गणित अडायचं, कुणाचं घरभाडं, कुणाला नुसतं रडायला जागा हवी असायची. एका भिंतीला पुस्तकं, दुसऱ्या भिंतीला उंच कपाट. त्या कपाटात ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी कोट आणि बूट ठेवलेले असत. कक्ष चालवणाऱ्या बाईंना सगळे मदतबाई म्हणत. त्यांनी मला शिकवायला काडीला बसवलं.

काडी ही मुलींच्या धावण्याच्या संघाची कप्तान. अंगाने काडी आणि स्वभावानेही काडीच, जरा घासली की पेटायची. मामाच्या कोंबड्यांच्या शेडवर अंडी गोळा करत ती वाढली होती. धावते म्हणून कॉलेजने तिला वसतिगृहात फुकट जागा दिली होती आणि ती जागा म्हणजे तिचं सगळं जग होतं. मी एकच अक्षर पुन्हा पुन्हा चुकले की ती म्हणायची, "आजी, एवढ्यात कोंबडीसुद्धा शिकली असती." मी रागवत नसे. ती कोंबड्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक म्हणजे मी कुत्र्याला घाबरते. कधी चावलं वगैरे काही नाही, उगीचच घाबरते. कॉलेजचा जवळचा रस्ता गॅरेजवरून जातो आणि तिथे कुत्रं बसतं, म्हणून मी टेकाडाला वळसा घालून जायची. वर्षभर हे केल्यावर डोक्यात फार काही शिरलं नाही, पण पाय मात्र चांगले तयार झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचे हे. पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं काम करून निवृत्त झालेले. कुठेही जायचं तर हे माझ्या चार पावलं पुढे, हात पाठीमागे बांधून. लग्न झाल्या दिवसापासून हेच. मला यांच्या पाठीची जितकी ओळख, तितकी तोंडाची नाही. गर्दीत हरवले असते तर मी यांना टाचांवरून शोधून काढलं असतं. यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्या कानाने माझं ऐकू येत नव्हतं.

तर त्या हिवाळ्यात संघावर संकट आलं. मुलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत संघाच्या पाच जणी शेवटच्या रेषेपलीकडे गेल्या तरच तो संघ धरतात. चारच आल्या तर त्या चौघींचंही धावणं संघाच्या हिशेबी फुकट जातं. आमच्या कॉलेजचा संघ आधीच दोन वर्षं अपुरा पडला होता. यंदाही पडला तर मुलींचा संघच बंद करायचा, असं वरून सांगून झालं होतं. संघ गेला की काडीची वसतिगृहातली जागाही जाणार आणि काडी परत कोंबड्यांत. आणि शर्यत तोंडावर आली असताना पाचव्या मुलीने घोटा मोडून घेतला. तोही धावताना नव्हे, बसमधून उतरताना.

संघाला शिकवणाऱ्या मास्तरांना आम्ही शिट्टीमास्तर म्हणायचो, कारण ते बोलण्याऐवजीही शिट्टीच वाजवत. ते मदत कक्षात येऊन डोकं धरून बसले. कुणी धावायला तयार नव्हतं. मदतबाई त्यांना म्हणाल्या की नियमात वयाची अट नाही, फक्त कॉलेजात नाव हवं आणि डॉक्टरचा दाखला हवा. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

काडी मला एकदाही धाव म्हणाली नाही. पुस्तकातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून ती बसून राहिली आणि ते बोट पुढे सरकेना. ते मला बघवेना. मी हो म्हणून गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, हृदय ठीक आहे, डोकं मी तपासत नाही. कपाटातून माझ्या मापाचे बूट निघाले, भडक गुलाबी. घरी मुलाने कपाळावर हात मारला. सून म्हणाली, आई, निदान टोपी घाला, कुणी ओळखणार नाही. रोज पहाटे मी सरावाला निघाले की हे माझ्या चार पावलं पुढे चालायचे, मैदानाच्या फाटकापर्यंत. मला वाटायचं, यांना माझ्यासोबत दिसायची लाज वाटते.

शर्यतीच्या दिवशी मी संघाचा बनियन घालून रेषेवर उभी राहिले, तर दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलीने रिकामी बाटली माझ्या हातात दिली. तिला मी पाणी वाटणारी वाटले. शिट्टीमास्तरांनी शेवटचं बजावून सांगितलं की बाहेरच्या कुणी हात दिला, सोबत धावलं किंवा पुढे राहून चाल दिली, तर धावणारी बाद. शेवटची आलीस तरी चालेल, ते म्हणाले, पण एकटी ये.

शेवटची येण्यात मी काही कसर ठेवली नाही. मैदानाला दोन फेऱ्या, मग तळ्याच्या कडेने, मग पंपघराला वळसा घालून परत, असा मार्ग होता. मैदान सोडेपर्यंत बाकीच्या सगळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. तळ्यातली बदकं बराच वेळ माझ्या बरोबरीने चालली आणि मग कंटाळून पुढे निघून गेली. मी जे करत होते त्याला धावणं फक्त मीच म्हणत होते.

पंपघराच्या वळणावर एक दणकट कुत्रं वाटेत मधोमध आडवं पसरलं होतं. माझे पाय जागच्या जागी थांबले. बाजूने जावं तर एकीकडे तळं, दुसरीकडे तारेचं कुंपण. वळणावर एक पंचबाई लाल निशाण घेऊन उभी होती, पण कुत्र्याला हाकलणं तिच्या कामात नव्हतं.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून हे आत आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात पाठीमागे बांधून माझ्या चार पावलं पुढे झाले आणि चालायला लागले. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझे पाय आपोआप त्या टाचांमागे निघाले. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

पंचबाई ओरडली, "आजी, ते तुमचे कोण? पुढून बाजूला नाही झाले तर मी निशाण वर करीन."

मी हाक मारली, "अहो, बाजूला व्हा. काडीची जागा जाईल."

हे मागे न बघता म्हणाले, "तू मागे ये गुपचूप."

निशाण पंचबाईच्या खांद्यापर्यंत आलं होतं. पुढे हे, त्यांच्यापुढे कुत्रं. यांना बाजूला करणं लग्नापासून मला जमलं नव्हतं, ते आता कुठलं जमणार? मग एकच राहिलं. मी दात खायला लागले, पण पुढचे नव्हतेच, म्हणून होते तेवढे आवळले आणि खरोखर धावले. यांच्या खांद्याला घासून पुढे गेले. कुत्र्यापाशी आले तेव्हा डोळे मिटले. ते उठलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं आणि मी किंचाळले, एवढं आठवतं. कदाचित ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलं असेल.

त्या शर्यतीत मी एकाच माणसाला मागे टाकलं आणि तो माझा नवरा.

मैदानावर आले तेव्हा तंबू उतरवायला लागले होते. काडी शेवटच्या रेषेपलीकडे उकिडवी बसली होती. मी रेष ओलांडली, तेव्हा तिने मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडलो. नऊ संघांत आम्ही नववे आलो. पण नऊ संघांत मोजले गेलो. संघ राहिला, जागा राहिली. पुढल्या वर्षी काडी मोठ्या कॉलेजात गेली.

यांनी घरी आल्यावर अबोला धरला. रात्री मी पाय गरम पाण्यात घालून बसले होते, तेव्हा मीच विचारलं, "जन्मभर माझ्या पुढे पुढे का चालता हो तुम्ही?"

यांनी पेपर खाली केला. "वाटेत कुत्रं असलं तर आधी मला दिसावं म्हणून," म्हणाले आणि पेपर पुन्हा वर धरला.

मी आपली बुटांच्या नाड्या सोडवत बसले. बूट तर कधीच काढून ठेवले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्चच्या नऊ तारखेला पहाटे, हे झोपेत गेले.