कॉमन नॉलेज

कारंजा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी नववीला इंग्रजी शिकवतो. शब्द सुटे पाठ करू नका, जोडीनं करा, हा माझा हेका. जुलैत फळ्यावर लिहिलं, ‘आधीच माहीत असलेल्या गोष्टी’, आणि खाली जोड्या दिल्या: वेल अवेअर, ओपन सीक्रेट, कॉमन नॉलेज. प्रत्येक जोडीवर एक वाक्य लिहून आणायचं.

बहुतेकांनी सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून लिहिलं. गुंजन उईकेनं लिहिलं, ‘इट इज कॉमन नॉलेज दॅट द मोटर गिव्ज शॉक.’ मला हसू आलं. चला, एकीनं तरी स्वतःचं डोकं वापरलं! लाल पेनानं खूण, तारीख, व्हेरी गुड. बाकीचं नेहमीचंच, एकीचं बघून दुसरी. त्यावर मी आधी ओरडतो आणि मग न वाचताच खुणा आणि तारखा टाकत सुटतो.

वाक्य खरंच होतं. वसतिगृहाच्या टाकीजवळ मोटरची लोखंडी पेटी आहे, तिच्यात करंट उतरायचा. पोरी पायातली रबरी चप्पल काढून तिच्या टोकानं बटण दाबायच्या. मी ते रोज बघायचो आणि पोरी हुशार आहेत म्हणायचो.

पंधरा दिवसांनी रीना मडावी, गुंजनची वर्गातली जिवलग मैत्रीण, सकाळी मोटर लावायला गेली. नुकताच पाऊस पडून गेला होता, चप्पल ओली होती. पोरगी जागीच गेली.

दुपारी संस्थेचे सचिव प्रभाकरराव आले. कागद तयारच होता. बिघाडाची कोणालाही कल्पना नव्हती, मुलीनं नियम मोडून मोटर लावली, असं त्यात लिहिलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. माझी कायम नोकरीची ऑर्डर त्यांच्याच कपाटात अडकली होती, आणि मी काही शूर माणूस नाही.

तिसऱ्या दिवशी रीनाची आई रुखमाबाई तिची सामानाची पेटी न्यायला आली. जाताना माझ्याजवळ थांबली.

“सर, तुमी शिकलेले. मले खरं सांगा. माह्या पोरीचीच चुकी होती का? कोनालेच ठाऊक नव्हतं?”

“नाही बाई, कोणालाच नाही.”

तिनं मान हलवली. शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं मानलं. मला लाज वाटली, पण भीती जास्त वाटत होती. सोमवारी संध्याकाळी तपासायच्या निमित्तानं वह्या मागवल्या, गुंजनच्या वहीतलं ते पान फाडलं आणि स्वयंपाकघरातल्या चुलीत घातलं.

“काय जाळून राह्यले सर?” स्वयंपाकीण कुंताबाईंनी विचारलं.

“जुने पेपर.”

सकाळी वह्या वाटल्या. गुंजननं वही चाळली आणि एका जागी थांबली. शिवणीत पानाची कडा राहिली होती, तिच्यावरून तिनं बोट फिरवलं. तास संपल्यावर टेबलाशी आली.

“सर, पान काऊन फाडलं?”

“कुठलं पान?”

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीची पापणी लवली नाही, मीच डस्टर शोधू लागलो.

“असू द्या,” ती म्हणाली. “ते वाक्य रीनानं माह्या वहीवरूनच उतरवलं होतं. तिची वही पेटीत होती. मी रविवारी त्यांच्या घरी गेलती, तिच्या मायले वाचून दाखवलं, मराठीत सांगतलं.”

रीनाची वहीही माझ्याच हाताखालून गेली होती, आणि तिच्यात काय होतं ते मी वाचलंही नव्हतं.

“मायनं इचारलं, ही लाल खूण कोनाची हाये? मी सांगतलं, सरची. तारीख बी वाचून दाखवली.”

“मग?”

“मंग काई नाई. आज सकाळच्या गाडीनं ती पोलीस ठाण्यात गेली, मले सांगून गेली. वही संग नेली.”