काकूंच्या डोळ्यांवर मी होते

मी एक जुनी काळी पट्टी आहे. केसांना बांधायची नव्हे, जखमेवर बांधायची तर नव्हेच. मी डोळ्यांवर बांधायची पट्टी. आता माझा रंग उडालाय, एक टोक उसवलंय, आणि माझा उपयोग तंबूच्या खांबाला पाण्याची नळी बांधून ठेवण्यासाठी होतो. होऊ दे. मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव कोणाची करायची ते पुढे सांगते.

माझा जन्म नाटकाच्या पडद्यातून उरलेल्या कापडातला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला चार पदरी शिवलं, आतून मऊ अस्तर लावलं आणि नाकापाशी बोटभर कापसाची उशी बसवली. तिथल्या फटीतूनच लोक खाली बघतात, हे त्यांना ठाऊक होतं. शिवून झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या डोळ्यांवर बांधलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बोटं धरा बघू समोर. किती? दोन ना?"

"अगं, मी अजून हातच वर केला नाही!" नवरा म्हणाला.

बाई खुदकन हसल्या. आपलं काम चोख झालंय, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता! तो आनंद घेऊनच मी घराबाहेर पडले. मलाही वाटलं, आपण मोठ्या कामाच्या आहोत.

माझी रवानगी झाली डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शिबिरात. तिथे कचेऱ्या आणि कारखान्यांतली माणसं दोन-दोन दिवसांसाठी येत. रानात तगून कसं राहायचं आणि त्यातून एकजूट कशी करायची, नेतृत्व कसं करायचं, हे तिथे शिकवलं जाई. शिकवणारे एक निवृत्त सैनिक होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीवाले सर म्हणत. दर वेळी ते तेच सांगत, "समजा, तुमचं विमान या रानात कोसळलंय. मदत यायला दोन दिवस लागतील." ऐकणारी माणसं नुकतीच थंडगार बसमधून उतरलेली असत आणि दुपारचं जेवण एक वाजता आहे की दीड वाजता, याची चौकशी करत असत.

मग ओल्या काटक्यांनी चूल पेटवायची, प्लास्टिकची पिंपं बांधून तराफा करायचा, आणि शेवटी माझा खेळ. "विमानाच्या धुराने सगळ्यांची दृष्टी गेलीय," सर सांगत. "एकालाच दिसतंय. तो तुमचा नेता. त्याच्या आवाजावर चालायचं. पुढच्याच्या खांद्यावर हात, आणि दुसऱ्या गटाच्या आधी लाल झेंड्यापर्यंत पोचायचं."

मित्रांनो, माझी एक बाजू माणसाच्या डोळ्यांना टेकलेली असते आणि दुसरी जगाकडे. गाठ मागे असते, म्हणून मागचंही मला दिसतं. त्यामुळे काही वर्षांतच मी माणसं ओळखायला शिकले. काय काय सोंगं करतात म्हणून सांगू! कोणाला अचानक कपाळावर खाज सुटते आणि खाजवता खाजवता मी वर सरकते. कोणी शिंकतो. कोणी चष्म्याचं निमित्त काढतो. एकदा का एका डोळ्यापुरती फट मिळाली, की मग दोन्ही हात पुढे करून चाचपडण्याचं नाटक असं झकास वठवतात, की खऱ्या आंधळ्याने थक्क व्हावं. शेवटी गोल करून बसतात आणि गळा भरून सांगतात, "आज मी विश्वास म्हणजे काय ते शिकलो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

चार पदर घालून, नाकाशी उशी लावून त्या बाईंनी मला शिवलं होतं. शेकड्यांनी माणसं माझ्या खालून गेली. पण मला न सरकवणारं माणूस मला एकच भेटलं. त्या काकू.

काकू एका कारखान्याच्या गोदामात काम करत. कुठला माल कुठल्या गाडीत आधी चढवायचा, कुठली खोकी उन्हात ठेवायची नाहीत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. जुने गोदामप्रमुख निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं त्यांचं काम काकूच रेटत होत्या, फक्त हुद्दा मिळाला नव्हता. तो या शिबिरानंतर ठरणार होता. दोघांची नावं पुढे होती. एक काकू, आणि दुसरा त्यांनीच शिकवून तयार केलेला एक पस्तिशीचा गडी. तो सारखा त्यांच्या मागेमागे असे, म्हणून सगळे त्याला काकूंचा पुतण्या म्हणत. नात्यातला नव्हता, पण काकूंनाही ते नाव आवडे.

"सर, घट्ट बांधा हो," काकू म्हणाल्या. "माझ्या कपाळावरून सगळंच घसरतं. उगाच दिसायला नको."

"काकू, परीक्षा नाहीये!" मागून कोणीतरी हसून म्हणालं.

"तुझी नसेल," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण मी पापण्यांना टेकलेली होते. पापण्या थरथरत होत्या. ती खुर्ची त्यांना मनापासून हवी होती.

त्यांच्या गटाचा नेता झाला पुतण्या. त्याने काकूंना रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं. मागे सहा जण. "काकू, मी आहे ना," तो म्हणाला, आणि काकूंचे खांदे सैल झाले. त्या नाकासमोर चालू लागल्या. डावीकडे म्हटलं की डावीकडे, थांबा म्हटलं की थांबायच्या. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, तरी पाऊल कसं ठाम पडत होतं! इतकी वर्षं वाट पाहिली होती मी असं कोणाच्या डोळ्यांवर असण्याची.

मग दुसरा गट पुढे निघाला. कारखान्याचे मोठे साहेब हातात कागद घेऊन झेंड्यापाशी उभे होते. पुतण्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वळणाची पायवाट सोडून रांग सरळ झेंड्याकडे काढली. मध्ये कोरड्या ओढ्याचा खड्डा होता, कमरेएवढा खोल. पुतण्याला तो दिसला. मी शपथेवर सांगते, दिसला. पण त्याला वाटलं, काकूही सगळ्यांसारख्या फटीतून बघत असणार; काठाशी आल्या की आपणच बेताने उतरतील.

"सरळ, काकू! बिनधास्त!" तो ओरडला.

काकू बिनधास्त निघाल्या.

आणि मागचे सहा जण? त्या सहाही जणांना खड्डा दिसला होता. एकेकाची पट्टी भुवईवर चढलेली होती. काकूंच्या खांद्यावर हात ठेवलेल्या माणसाने हात काढून घेतला. त्याच्या मागचा जागच्या जागी थांबला, मग त्याच्या मागचाही. पण एकाच्याही तोंडून "काकू, थांबा" एवढं निघालं नाही. ओरडावं तर आपण चोरून बघतोय हे उघडं पडणार! साहेब समोरच उभे. सहाच्या सहा जण मिठाची गुळणी धरून उभे राहिले.

मला ओरडता येत असतं तर! पण देवाने कापडाला तोंड दिलेलं नाही.

काकू पडल्या. गुडघा आधी, मग मनगट. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या कण्हल्या, माझं अस्तर ओलं झालं. आणि त्या अवस्थेतही त्यांनी मला डोळ्यांवरून काढलं नाही. खड्ड्यात पडल्या पडल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, मागचं कोण कोण पडलं? कोणाला लागलं का रे?"

सहा जण काठावर धडधाकट उभे होते.

शिट्टीवाल्या सरांनी धावत येऊन काकूंना वर घेतलं, हाताला झोळी बांधली, पाय पिंपावर टेकवला. गाडी यायला वेळ होता, म्हणून शेवटची बैठक झालीच. "खड्डा कोणाला दिसला होता?" सरांनी विचारलं. "कसा दिसणार सर, डोळे बांधलेले ना," एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरांना सगळं कळत होतं. पण कारखाना पुढच्या वर्षीही यायचा होता. सरांनी विषय बदलला. तेव्हापासून मला त्यांच्या शिट्टीचाही राग येतो.

मग मोठ्या साहेबांनी सरांकडून शेऱ्यांचे कागद भरून घेतले. मी सरांच्या मुठीत होते, म्हणून ऐकलं. पुतण्यासाठी साहेबांनी सांगितलं, "ध्येयावर नजर. दडपणाखाली झटपट निर्णय." काकूंच्या कागदावर त्यांनी लिहायला लावलं, "नियम सोडत नाहीत. प्रसंगावधान कमी." सरांनी लिहिलं. त्यांची मूठ आवळली, तेवढंच.

गाडी आली तेव्हा पुतण्या काकूंपाशी आला. चेहरा पडलेला होता, तेही सांगते, खोटं कशाला बोलू? "काकू, पट्टी जराशी वर करायची ना," तो म्हणाला. "सगळेच करतात."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "माझं मीच बघायचं होतं, तर तू कशाला होतास रे?"

गाडी निघून गेली.

पुढच्या वर्षी तो कारखाना पुन्हा आला. पुतण्या गोदामप्रमुख झाला होता. जेवताना एक जण सांगत होता, की काकू आता लंगडत कामाला येतात, गोदामात कुठे अडलं की अजूनही त्यांनाच हाक जाते, आणि त्या उठून जातात. पण पूर्वीसारख्या कोणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी सरांनी नव्या पट्ट्या काढल्या. पातळ, जाळीदार. घातल्या की आरपार सगळं दिसतं. अपघात नको म्हणे! आम्ही जाड पट्ट्या बाद झालो. आता सगळे डोळे बांधून घेतात, सगळ्यांना सगळं दिसतं, आणि शेवटी सगळे विश्वासावर भाषण करतात.

मित्रांनो, अशा वेळी म्हणायची पद्धत आहे, की जुन्या वस्तूंना जपा, धुऊन घडी घालून ठेवा. मला नका जपू. मी खांबाला बरी आहे. माझं मागणं वेगळं आहे. तुम्हीही कधीतरी फटीतून बघाल. बघा खुशाल, सगळेच बघतात. पण पुढचं माणूस तुमच्यावर भिस्त ठेवून चाललं असेल आणि तुम्हाला खड्डा दिसला, तर ओरडा. "चोर, बघत होतास ना!" म्हणून लोक हसतील. हसू द्या. त्या सहांपैकी एकाने जरी तेवढी लाज सोसली असती, तर काकू आज धड पायांनी चालल्या असत्या.