चाळीस टक्के खात्री

यी-चेनने फोनवरचा ठिपका अंगठ्याने ऐंशीपर्यंत ओढला आणि फोन गणवेशाच्या खिशात टाकला. ‘आजचं काम जमेल, याची किती खात्री वाटते?’ हा प्रश्न रोज सकाळी सातला उमटायचा, आणि जिना उतरता उतरता ती त्याचं उत्तर देऊन मोकळी व्हायची.

“जरा थांब,” मागून च्वो बाई म्हणाल्या. परिचारिकांच्या महाविद्यालयात त्या तिला शिकवत, आणि रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला आठही मुलींच्या मागे असत. “बारा दिवस झाले, तुझी खात्री ऐंशीच्या वर नाही की खाली नाही. माणूस आहेस की छताचा पंखा?”

यी-चेनचे कान लाल झाले. “बाई, तुम्हाला दिसतं ते?”

“मला दिसू द्यायच्या कागदावर तुम्हीच सह्या केल्यात. वाचला नसशील.”

ते खरं होतं. या सगळ्याची सुरुवात महिन्यापूर्वीची. दुसऱ्या कक्षात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बोटाला टोचून साखर तपासायची होती. रक्त पुरेसं आलंच नाही. यंत्राने चूक दाखवली. तिने बोट पिळलं, पुन्हा टोचलं, पुन्हा चूक. “आमच्या बापावर हात साफ करतेस होय?” त्यांचा मुलगा सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलला होता. यी-चेनने तबक खाली ठेवलं आणि ती चालत जिन्यापर्यंत गेली. तासाभराने मैत्रिणींना ती तिथेच सापडली. तेव्हापासून टोचायची वेळ आली की ती हळूच शेजारणीला पुढे करी.

त्यानंतरच बाईंनी सगळ्या मुलींच्या फोनवर हे अ‍ॅप घालून दिलं. त्यात सावकाश श्वास घ्यायला शिकवणारं एक वर्तुळ होतं. रोज एक छोटं काम ठरवायचं आणि संध्याकाळी ते कसं झालं ते चार ओळींत लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिने नुसतं तबक न चुकता मांडलं. मग मैत्रिणीचं बोट टोचलं, मग सहा वेळा स्वतःचं. हे सगळं तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. खोटा होता तो फक्त सकाळचा आकडा.

“शून्य लिहिलंस तरी मी रागावणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण खोट्या आकड्यावर मला तुला काही शिकवता येत नाही.”

यी-चेन खिडकीशी जाऊन उभी राहिली. फोन काढला. ठिपका खाली ओढला, थोडा वर नेला, पुन्हा खाली आणला.

“चाळीस,” ती म्हणाली.

“बरं. मग आज एकोणीस नंबरची खाट तुझी.”

“चाळीसवर?”

“मी शेजारी उभी आहे ना.”

एकोणीस नंबरवर हौ आजी होत्या. तुंगशी गावच्या किनाऱ्यावर साठ वर्षं शिंपल्यांतली कालवं फोडलेल्या, साखरेमुळे पायाची जखम भरत नाही म्हणून आलेल्या. तबक बघताच त्यांनी दोन्ही हात पांघरुणात घातले. उशाशी बसलेली त्यांची सून थूय ओशाळून उठली.

“आई, हात द्या ना. असं काय लहान मुलासारखं?”

“तू गप गं! तुला टोचतात का? काल तो डॉक्टर म्हणाला, आजी, शंभर टक्के एकदाच टोचेन. तीनदा टोचलं मेल्याने!” आजींनी यी-चेनकडे मान वळवली. “तू किती वेळा टोचणार, पोरी? खरं सांग.”

यी-चेनने बाईंकडे बघितलं. बाई सलाईनची बाटली न्याहाळत होत्या.

“सांगता येत नाही, आजी. मला चाळीस टक्के खात्री आहे.”

थूयने डोळे मोठे केले. आजींना हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसल्या.

“बघ गं थूय, या इमारतीत एक तरी खरं बोलणारी निघाली!” आणि पांघरुणातून डावा हात बाहेर आला.

बोटं लाकडासारखी टणक होती, शिंपल्यांनी चिरून चिरून भरून आलेली. आणि थंडगार. यी-चेनने लगेच टोचणी उचलली नाही. तिने कोमट पाणी मागवलं, हात त्यात धरला, चोळत बसली. आपला श्वास पोटापर्यंत जाऊ दिला. हात पुसून खाटेच्या कडेवरून खाली लोंबता ठेवला. मग बोटाच्या कडेला टोचलं.

रक्त आलं, पण टाचणीच्या डोक्याएवढं. यंत्राची पट्टी भिजली नाही. यंत्राने चूक दाखवली.

यी-चेनच्या मानेवर घाम आला. दार चार पावलांवर होतं.

“आजी, जमलं नाही,” ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. “इथली कातडी फार जाड आहे. करंगळी द्याल?”

“घे की. पाच आहेत.”

करंगळीवर गोल, भरीव थेंब उभा राहिला. यंत्र वाजलं. दोनशे बारा. बाईंनी आकडा टिपून घेतला, “पुढे बावीस नंबर,” एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

यी-चेन तबक आवरत होती, तेवढ्यात थूयने तिची बाही धरली. व्हिएतनामहून लग्न होऊन येऊन थूयला अकरा वर्षं झाली होती, तरी घाईत शब्द अडखळत.

“ताई, परवा घरी सोडणार आईंना. मग रोज मलाच करायचं हे. कालवाची सुरी हातात असली तर मला भीती नाही. पण हे…” तिने तबकातल्या टोचणीकडे बोट केलं. “नर्सने दोनदा दाखवलं. मला नाही होत. कोणाला सांगितलं नाही अजून.”

आजी डोळे मिटून पडल्या होत्या; ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हतं.

यी-चेनने घड्याळ बघितलं, दाराबाहेर गेलेल्या बाईंकडे बघितलं. मग स्टूल ओढून ती थूयसमोर बसली. नवी टोचणी सोलून तिच्या हातात दिली, आपला हातमोजा उतरवला आणि बोट पुढे केलं.

“आधी माझ्यावर,” ती म्हणाली. “घाई नाही.”