पाण्याचा नवा नियम

तिने आकड्याने मीटरवरचं लोखंडी झाकण उचललं, खाली बसली आणि काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. गल्लीतलं हे एकविसावं घर, आणि ते तिचं स्वतःचंच होतं.

पाणीपुरवठा विभागात मीटर वाचायचं काम ती अकरा वर्षं करत होती. स्वतःच्या दारात असं बसायची वेळ आली की तिला आपलंच पत्र आपण चोरून वाचतोय असं वाटायचं. या खेपेला त्यात धाकधूकही होती. चार महिने पावसाचा थेंब नव्हता. विभागाने प्रत्येक घराला मर्यादा घालून दिली होती, पत्रकं छापली होती : शॉवर चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. ती पत्रकं वाटत दारोदार तीच हिंडली होती. आणि तिच्या घरात सासरे पाऊण पाऊण तास बाथरूममध्ये असायचे.

सासरे रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची छतं आणि भिंती रंगवल्या होत्या. सासूबाई गेल्यावर, गेल्या थंडीत, ते इकडे राहायला आले. घरात आहेत की नाहीत ते कळू नये असा माणूस. आपला कप आपणच विसळणार, चपला भिंतीला चिकटवून ठेवणार. एवढी एक अंघोळ सोडली तर बोट ठेवायला जागा नव्हती.

महिन्यापूर्वी ती नवऱ्याला म्हणाली होती,

"तू बोल ना त्यांच्याशी. मी बोलले तर बरं दिसणार नाही."

"काय बोलू? बाबा, जरा कमी स्वच्छ व्हा?"

"चेष्टा नको. मी दिवसभर लोकांना चार मिनिटं, चार मिनिटं सांगत फिरते. उद्या कुणी माझाच मीटर उघडून दाखवला म्हणजे?"

नवरा बस चालवायचा. भर रहदारीतही ज्याचा आवाज चढत नाही असा माणूस, पण बापाशी बोलायचं म्हटलं की तो घड्याळ बघायला लागायचा. त्याने कसंबसं एक वाक्य बोलून सुटका करून घेतली. सासरे एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊण तास. तिने कपाळाला हात लावला, तोही त्यांना दिसणार नाही अशा बेताने.

आताही बोळाच्या बाजूला बाथरूमच्या धुरकट काचेआड त्यांची सावली हलत होती. तिने मीटरमध्ये पाहिलं. आकड्यांच्या बाजूला एक लाल चक्री असते. नळ नुसता ठिबकला तरी ती फिरते. चक्री हलत नव्हती.

तिने मीटरच्या काचेवर टिचकी मारली. थोडा वेळ वाट पाहिली. काचेआडची सावली वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. चक्री जागच्या जागी. मग तिने आकडा वाचला. या महिन्याचा वापर मागच्या महिन्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

तिने झाकण लावलं आणि ती घरात आली.

"बाबा, बरं आहे ना?"

"हो, हो. झालंच माझं."

आत साबण पडल्याचा आवाज झाला. मग दाताखाली दाबलेलं एक कण्हणं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. सदऱ्याचं एक बटण चुकून पुढचं सगळं गणित बिघडलेलं, पाठीला कापड ओलं होऊन चिकटलेलं. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता. मानेमागे वाळलेल्या साबणाचा पांढरा पट्टा होता.

"तू आज इतक्या लवकर?"

"आपल्याच गल्लीत होते. मीटर बघितला."

त्यांचा चेहरा उतरला. "अजूनही जास्त येतंय? मी आता शॉवर लावतच नाही. अर्धी बादली घेतो. पण या हाताने पाठ..." ते थांबले. "शॉवरखाली उभं राहिलं की साबण आपला आपण निघून जायचा. असो. होईल सवय."

इतकी वर्षं ती पाठ कुणाच्या हाताने धुतली जात होती, हे तिने विचारलं नाही.

"नाही बाबा. गल्लीत सगळ्यात कमी पाणी आपलं आहे," ती म्हणाली.

"मग ठीक," ते म्हणाले आणि मनापासून खूश झाले. त्यांच्या त्या खुशीपुढे तिला उभं राहवेना. राहिलेली घरं आहेत असं सांगून ती बाहेर पडली. त्या दुपारी तिने एका घराचा आकडा दुसऱ्याच घरापुढे लिहिला आणि तो सुधारायला अर्धी गल्ली परत चालून आली.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली,

"ऑफिसातून नवीन सूचना आलीय."

"आता काय? अंघोळच बंद?" नवरा म्हणाला.

"घरात दोन पुरुष असतील तर त्यांनी एकदमच अंघोळ करायची. एकमेकांची पाठ चोळून द्यायची. पाणी कमी लागतं म्हणे."

नवऱ्याला हसू फुटणार तेवढ्यात त्याने तिच्याकडे पाहिलं. ती सासऱ्यांच्या हाताकडे पाहत होती. पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हाताने उचलला होता; उजवा मांडीवर पडून होता. नवऱ्याने घास तसाच ठेवला.

"ऑफिसवाले काय काढतील नेम नाही," तो म्हणाला. "मग काय बाबा, सकाळी सहा? मला आठला डेपोत पोचायचंय."

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला.

"छापून आलंय का ते?"

"यायचंय अजून," ती म्हणाली.

"असं."

सकाळी दोघंही टॉवेल खांद्यावर टाकून, एकमेकांकडे न बघता आत गेले. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आधी नुसता तांब्याचा आवाज. मग नवऱ्याचा.

"हात एवढाच वर जातो? कधीपासून?"

उत्तराऐवजी तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला.

"थांबा, ओढू नका. मी करतो."

"हळू रे. भिंत खरवडतोयस का?"

"तुम्ही मला काय फुलासारखं घासायचात? साबण हमखास डोळ्यात."

"तू डोळे मिटायचास कुठे!"

मग दोघंही हसले. सासऱ्यांचं असं मोकळं हसणं तिने या घरात प्रथमच ऐकलं. पाठोपाठ शॉवर सुटला, तोही पूर्ण. तिच्या हाताखालच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. तिने नळ बंद केला आणि साबणाची भांडी तशीच ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

सासरे बाहेर आले तेव्हा सगळी बटणं आपापल्या जागी होती. केस दुसऱ्याच कुणीतरी विंचरल्यासारखे, भांग भलत्याच बाजूला. खुर्चीत बसून त्यांनी मान डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे.

"सूनबाई."

"काय बाबा?"

"तुमच्या ऑफिसात सांग, नियम चांगला काढलाय. पाऊस आला तरी बंद करू नका म्हणावं."

तिने वर पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

"कळवते," ती म्हणाली.