निजलेल्या लेकराचा निरोप

शके १९४७, चैत्र शुद्ध पक्ष. स्थळ, पोंभुर्णा तालुक्यातील जंगलाला चिकटलेले एक लहान गाव. मोहफुलांचा गोड, जड वास घराघरांत उतरला होता आणि दुपारी सारे गाव त्या वासाच्या गुंगीत पडलेले असे. झोपत नव्हती ती एकटी उर्वशी.

तिचे वय दीड वर्षाचे. तिची आई दिव्यानी पौषात मिरची तोडायला तेलंगणात गेली, ती होळीनंतर परतली. लेक आनंदली नाही, रडलीही नाही. आजीच्या पदराआडून तिने आईकडे असे पाहिले, जसे डोहाच्या तळाशी पडलेल्या वस्तूकडे पाहावे. आईने उचलले की ती अंग ताठ करी. कुशीत घेतले तर पापण्या मिटता मिटता दचकून जागी होई.

"नजर लागली," दिव्यानीची सासू रुखमाबाई म्हणाली. "मीठमोहऱ्या उतरवल्या, तरी काई फरक नाई."

"माह्या हातालेच मिरचीचा वास हाय, आत्या. म्हणून येत नसंल."

"किती धुशील? आता काय कातडी सोलतं का?"

गावात तपासणीसाठी येणाऱ्या डॉक्टर सत्यशीलाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "निघताना मुलीला काय सांगून गेलात?"

दिव्यानीने सासूकडे पाहिले. घराचा दंडक असा, की परगावी निघताना निजलेल्या लेकराला हाक मारू नये. म्हणून तिने उर्वशीला झोळीत निजवले होते आणि मागल्या दाराने ती निघून गेली होती; तसेच तिने सांगितले.

या दंडकाला निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. लेकराचे रडणे वाचावे, ही मायाच त्यामागे होती. परंतु रडणे वाचले ते कोणाचे? ऐकणाऱ्यांचे. त्या वयात मेंदू अजून घडत असतो. भीती शमवण्याची रीत तो आईच्या उबेतून आणि आवाजातून शिकतो. तो आधार अकस्मात नाहीसा झाला, की भीती जागी राहते आणि मूल पहाऱ्याला बसते.

"ती झोपली आणि तुम्ही दिसेनाशा झालात," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "झोपले की आई जाते, एवढेच ती शिकली. आता जागेपणी सांगून जा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. लगेच गुण येईल, असे मात्र मी म्हणत नाही."

गावच्या बाया मोह वेचायला उजाडण्यापूर्वी निघत. दिव्यानी मागे थांबू लागली. उर्वशी जागी झाली, की तिच्यापुढे बसून म्हणे, "मोह वेचाले जातो. आंगणात ऊन आलं का येतो."

"तुह्या भाषणापायी टोपली रिकामी येईन!" बाहेरून रुखमाबाई ओरडे. "मोहाखाली फुलं खायाले गुरं पोचली असतीन!"

"येऊ द्या रिकामी."

उर्वशी नुसती पाहत राही. रानात पिवळसर फुले एकेक करून गळत असत, आणि त्या टपटपीत दिव्यानीला वाटे, आपण लेकीच्याच न आलेल्या झोपेतून चालत आहोत. ऊन अंगणात उतरले, की ती परत आलेली असे. अशा कित्येक सकाळी गेल्या.

मग एका सकाळी "जातो" म्हणताच उर्वशीने तिचे लुगडे मुठीत धरले आणि टाहो फोडला.

रुखमाबाई धावत आली. "मी भुलवतो हिले. तू मागल्या दारानं निघ."

"मागल्या दारानं नाई, आत्या."

तिने मूठ हळूच सोडवली आणि पुढच्या दाराने ती निघाली. रडणे रानापर्यंत तिच्या सोबत आले.

ती परतली तेव्हा उर्वशी उंबऱ्यावर बसली होती. आई पुढ्यात बसताच तिने तिच्या तोंडावर चापट मारली, पुन्हा मारली. मग हुंदके देत तिने मान आईच्या खांद्यावर टाकली आणि आईच्या डोक्यावरची टोपली उतरण्याआधीच तिचा डोळा लागला.

दुपार कलली. कोंबडा कानाशी आरवला, चुलीपाशी भांडे पडले. लेक दचकली नाही. रुखमाबाई तिच्यावरच्या माश्या वारत बसली होती.

"पुढच्या साली मिरचीले जाशील तं हिले घेऊन जाशील," ती सुनेला म्हणाली. "नाई तं जायचं नाई."