मावशीची जागा

त्या सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच कागद पसरले होते. धाकटी बहीण बास गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या एकेका पेडलची कड पेन्सिलने आखून, कात्रीने कापून, ते कागद एका फळीवर इकडून तिकडे सरकवत होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. मिलिमीटरखेरीज दुसरी भाषा तिला येत नाही.

"दादा, फळी तीनशे ऐंशी बाय एकशे साठ मिलिमीटर. एक रेघही वाढणार नाही."

"माझ्या बोर्डाचं काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही, चौदा किलोचा होता! परवा बसवाला म्हणतो, ताई, शेगडी घेऊन निघालात का?"

माझा पेडलचा बोर्ड म्हणजे कपाटाचं एक अख्खं दारच होतं. बावीस वर्षं ते खांद्यावर घेऊन मी प्रार्थनेच्या सभागृहाचे तीन जिने चढलो आणि दर रविवारी बुवांच्या मागे बास वाजवली. आमचे बुवा उपदेश बोलत नाहीत, गातात. एक ओळ घेतात, तिला आळवतात, मध्येच गोष्टीत शिरतात, पोट धरून हसवतात, आणि आपण हसून डोळे पुसतोय तोवर ते पाणी भलत्याच कारणाचं करून पुन्हा त्याच ओळीवर आणून सोडतात. त्यांच्या गाण्याखाली जमीन अंथरायचं काम माझं. याहून मोठं देणं मी देवाकडे कधी मागितलं नाही.

गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, हात आला नाही. बास धाकटीकडे गेली. तिला शिकवलं होतं मीच, म्हणून बुवांनी दुसरं कुणी शोधलं नाही. मी मात्र वर्षभर तिकडे फिरकलो नव्हतो. देवाशी भांडण नव्हतं. आपली गिटार दुसऱ्याच्या मांडीवर बघवेना, एवढंच.

"ट्यूनर इथे," धाकटी सांगत होती. "शेजारी कॉम्प्रेसर, सूर सारख्या जोराचे ठेवायला. मग माझी खालच्या सप्तकाची, आणि ही लाटेची." तिने स्वतः आणलेल्या त्या दोन डब्या. एक वाजवलेल्या सुराला खालचा जोड देते, दुसरी सुराला हेलकावे देते. "राहिली मावशी."

मावशी म्हणजे करड्या रंगाची, कोपरे झिजलेली, त्या दोन डब्यांएवढ्या अंगाची पेडल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने हातांनी जोडून दिलेली, आवाजाला करकर आणायला. आता उपदेशात करकर कोण ऐकून घेणार? तिचं बटण बंदच राहिलं. पण रांगेत पहिली तीच. गिटारची केबल आधी तिच्यात, मग पुढे. लग्नघरात दाराशी बसलेल्या मावशीसारखी. करत काही नाही, पण तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून ते नाव.

"हिचं बटण कधी दाबलंस?"

"एकदा. चुकून. बुवांना ठसका लागला."

"बावीस वर्षांत एकदा! आणि ही अर्धी फळी खाणार?"

"असू दे गं."

"का पण?"

मला कारण सांगता येईना. "सवय आहे तिची."

"सवयीला सामानात जागा नाही," असं म्हणून धाकटीने मावशीचा कागद चुरगळून टाकला.

बोर्ड मात्र देखणा झाला. केबलच्या प्लगांची डोकी पेडलच्या बाहेर येतात. नवखा माणूस तिथे फसतो, पेडल बसतात आणि प्लग बसत नाहीत. तिने ती जागाही धरली होती. फळीवर वेल्क्रोच्या पट्ट्या, फळीखाली वीज पुरवणारी डबी. झिप लावून पाठीवर टाकला तर शाळेचं दप्तर वाटावं. "छान केलंस," मी म्हणालो, आणि मावशीला कपाटात ठेवून दिली.

रविवारी दुपारी ती परत आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"काय गं, पडलीस का?" बायकोने विचारलं.

"नाही वहिनी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बुवांनी विचारलं, आज दादा आला नव्हता का?"

"मी वर्षभर गेलेलो नाही."

"तेच तर! वर्षभर त्यांनी असं विचारलं नव्हतं. डोळे मिटून गातात ते. तू आहेस असंच वाटत होतं त्यांना. मलाही वाटायचं." ती चपला काढू लागली. "आज नव्हतास. सुराची धार कमी करायला टोनचं बटण खाली करून बघितलं, तर नुसतं घोंगडं. तुझ्या सुराची शाल नाही."

बोर्डावरून गेली होती ती मावशीच. तिला कपाटातून काढून आम्ही तिथेच बास जोडली. मावशीला वगळून तिने चार सूर वाजवले. स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखे. मग मावशीला पहिल्या जागेवर जोडलं, बटण बंदच ठेवून. तेच चार सूर, आणि मी माझ्याच घरात स्वतःला ऐकलं. सुराची धार बोथट झालेली, कड मऊ पडलेली.

मित्राची जोडणी जुन्या रीतीची होती. बटण बंद असलं तरी गिटारची केबल मावशीच्या पोटातल्या सर्किटाला चिकटलेलीच राहायची, आणि ती गुपचूप आवाजाचा वरचा तुकडा गिळत बसायची. दोष होता तो. बावीस वर्षं लोक माझ्या बोटांची माया म्हणून वाखाणत आले, आणि मीही मान लववून, मनात फुगून ते घेत आलो. देव अहंकाराची गाठ सोडवतो ती अशी, जेवणाच्या टेबलावर, बायकोसमोर.

तरी सांगतो, तो आवाज हवासा वाटला. दोष म्हणा, माया म्हणा, हात गेल्यावर माझं जगात एवढंच उरलं होतं.

धाकटी घाईने म्हणाली, "माझ्या दोन्ही काढते. तिथे मावशी बरोब्बर बसते. मला काय करायच्यात त्या?" आणि डाव्या अंगठ्याने खालच्या सप्तकाच्या डबीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

एका शब्दाचा प्रश्न होता. जिभेवर आलेला 'काढ' मी कसाबसा धरून ठेवला.

"रविवारी मी येतो," मी म्हणालो. "बुवांमागे ऐकतो, मग ठरवू. मावशीला पिशवीत घे."

तीन जिन्यांना अर्धा तास लागला. वर ऑर्गनवाले काका दारातच भेटले.

"अहो, या या! तुमची खुर्ची गरम ठेवली आहे."

"कुणी बसून?"

"मीच! दुसऱ्या कुणाला एवढं ऊन अंग आहे?"

बुवांनी मला पाहिलं, जवळ आले, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि गायला उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी नावाड्याची गोष्ट लावली. मुलगा रुसून नदीपलीकडे गेला आहे, आणि बाप रोज संध्याकाळी रिकामी होडी घेऊन मध्यापर्यंत जातो. पलीकडे जायची हिंमत नाही, परत फिरायचं मन नाही. मधल्या पाण्यातून तो हाक मारतो. बुवा ती हाक उंच सुरात लावतात आणि एकदम थांबतात. सगळं सभागृह श्वास धरतं.

ही गोष्ट मी शंभरदा वाजवली होती. त्या थांब्यात मी नेहमी चार सूर घालायचो, पायऱ्या उतरल्यासारखे. लोक रडायचे. माझी उजव्या हाताची बोटं आपोआप वाकली.

धाकटी काहीच वाजवेना. विसरली, मला वाटलं. मग तिने पायाने हळूच खालच्या सप्तकाच्या डबीचं बटण दाबलं आणि एकच सूर सोडला. त्याच्या खाली दुसरा, इतका खोल की कानाआधी खुर्चीच्या पायांतून वर आला. नदीचा तळच बोलला जणू. हाक पाण्यावरून गेली होती, आणि कुणी ती ऐकली आहे एवढंच तो सूर सांगत होता. तिने तो विझू दिला. वर एक टिकली लावली नाही.

बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी त्या बापाचं दुःख वाजवत राहिलो. ऐकणाराही कुणी असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बुवांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. ओळ पुन्हा उचलायला त्यांना वेळ लागला.

सगळे पांगल्यावर जिन्याच्या वरच्या पायरीपाशी धाकटी पिशवी घेऊन आली.

"मग? कुठे बसवू हिला?"

"पिशवीतच राहू दे."

"दादा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"नाही बोलत. तुझ्या दोन्ही डब्या तिथेच राहतील. त्यांच्या जागी मावशी असती तर आजचा तो सूर निघालाच नसता."

तिने पिशवीचा बंद आवळला. मग हळूच म्हणाली, "पण मला तुझा आवाज हवाय रे. डोळे मिटले की शेजारी असायचास."

"मलाही हवाय," मी म्हणालो. "मलाही हवाय गं."

खालून काका ओरडत होते, बस सुटेल म्हणून. धाकटीने बोर्ड पाठीला लावला. मी उजव्या हातात मावशीची पिशवी घेतली. कठडा धरायला हात उरला नाही, तेव्हा तिने माझा डावा हात आपल्या हातात घेतला, आणि आम्ही एकेक पायरी उतरू लागलो.